दहा सुपाऱ्या

रविवारी सकाळी सुमनताईंच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याकडेच निघाले होते. "आई गेल्या, पहाटे..." एवढंच ती म्हणाली. महिनाभराने शोकसभा झाली. जो तो उठून भरभरून बोलला. मला असा संताप आला की मधेच उठून बाहेर आले. जिवंतपणी त्या बाईला एक वाक्य पुरं करू दिलं नाही कुणी, आणि आता बोलायला रांग! पण खरा संताप माझ्यावरच होता, म्हणून हे लिहायला बसलेय.

ताई मुलांच्या स्पीच थेरपिस्ट. उभा जन्म या किनाऱ्यावर, एसटीने गावोगाव हिंडत, न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करण्यात गेला. मी मुंबईहून डिग्री आणि चित्रांचे गुळगुळीत पत्ते घेऊन त्यांच्या हाताखाली आले. पहिल्याच दिवशी एका मुलीपुढे पत्ता धरला. "हे काय? सांग, सांग... मा... मासा! शाब्बास!" ताई शांतपणे म्हणाल्या, "अगो, शाब्बास कोणाला? बोललीस तर तू." कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

मग त्यांनी टेबलावर वाटी ठेवली. माहेरच्या, दिवेआगरच्या वाडीतल्या दहा सुपाऱ्या. "प्रश्न विचारलास की एकेक सुपारी सावकाश पलीकडे सरकवायची. दहावी होईपर्यंत तोंडाला कुलूप. शब्द मुलाच्या आत असतो, त्याला वर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्यायचा, हीच आपली विद्या. बाकी सगळे पत्ते पेटीत टाक." थळची एक मावशी मुलाला घेऊन यायची. त्याने तोंड उघडलं की तीच बोलायची. म्हणायची, "माला ठाव हाय ना बाय, त्याला काय पायजे ता!" ताई म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे, म्हणूनच तो बोलत न्हाय." मावशी रुसून गेली. आठवड्याने परत आली आणि पदराचं टोक दातात धरून गप्प बसली. आठव्या सुपारीला पोरगा म्हणाला, "पानी."

गेल्या वर्षी ताईंना झटका आला. उजवी बाजू गेली. समजायचं सगळं, पण शब्द सापडायला फार वेळ लागायचा. घर प्रेमळ, त्यातच घात झाला. ताईंनी "मला..." म्हटलं की मुलगा पाणी आणायचा, सून उशी सारखी करायची, डॉक्टर म्हणायचे, "आराम करा आजी." आणि मी? मी तर तज्ज्ञ! त्या अडल्या की मीच त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचे. त्या मान फिरवायच्या. मला वाटायचं, दमल्या.

शेवटचं भेटले तो गुरुवार. मी विचारलं, "ताई, काही सांगायचंय का?" त्यांनी ओठ हलवले. "तू..." उशाशी ती वाटी होती. डाव्या हाताने त्यांनी एक सुपारी काढून माझ्याकडे सरकवली. मग दुसरी. माझ्याकडे रोखून बघत होत्या. मग तिसरी, चौथी... सहावीला मी टाळ्या वाजवल्या. "वा! हात काय छान चालतोय! शाब्बास ताई!"

त्यांचा हात थांबला. डोळे मिटले. मी गोळ्यांची चौकशी केली, रविवारी येते म्हणाले आणि निघाले. एसटीत बसल्यावर लख्ख कळलं, त्या काय करत होत्या. उतरून मागे जावं असं वाटलंही. पण म्हटलं, रविवारी जायचंच आहे.

सुनेने वाटी मला देऊन टाकली. आता ती माझ्या टेबलावर असते. मुलाला काही विचारलं की मी सुपाऱ्या सरकवते, अगदी दहाच्या दहा. कॉलेजातली नवी मुलं हे काम शिकायला येतात, त्यांना मी हेच शिकवते, आणि ती मला संयमाची बाई म्हणतात. त्या गुरुवारी ताईंनी चादरीवर सहा सुपाऱ्या सरकवल्या होत्या. माझ्यासाठी वाटीत चार उरल्या होत्या.