अक्कांचा हात

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मी एवढी गोष्ट चुकवून बाकीचं बोलते — जणू त्याला ती माहीतच नसेल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, आणि बोलायची तर त्याहून नाही. चार बायका बसल्या की माझा आवाज घशातच राहतो. कागदासमोर निदान मान खाली घालून बसता येतं. तुम्ही कोण आहात हे मला माहीत नाही. ओळखीचे असता तर लिहिलं नसतं.

कुठून सुरुवात करू? अक्कांच्या हातापासूनच करते.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. बोदवडला आमचं अंगण एकच, चुली वेगळ्या. आमच्याकडे पुरणाची पोळी तव्यावर करत नाहीत, खापरावर करतात. मातीचं मोठं खापर चुलीवर उपडं ठेवायचं, खाली जाळ, आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर पोळी टाकायची. ही पोळी नुसती लाटून होत नाही. पुरण भरलेला गोळा थोडासा लाटायचा आणि हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, झुलवत राहायचं. तो आपल्याच वजनाने पसरत जातो. माझ्या हातावर तो पसरायचा म्हणजे पसरायचा, एवढंच. अक्कांच्या हातावर — कसं सांगू? पोळी इतकी पातळ व्हायची की खालच्या त्यांच्या हिरव्या बांगड्या दिसायच्या. आत पुरण असताना! मी इतकी वर्षं बघत होते, तरी दर वेळी हातातलं काम थांबायचं.

आणि अक्का पोळीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. दाराबाहेर नजर. अंगणात कोण आलं, शेळी कोणाच्या वाड्यात घुसली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं बोलणं चालू. हात आपले वेगळेच चालायचे. जसं काही ते हात त्यांचे नव्हतेच, कोणी थोडा वेळ त्यांच्याकडे ठेवायला दिले होते.

मी नवी नवरी होते तेव्हा माझी पहिली पोळी बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे काय वं? पोयी हाये का गोधडी?" बायका हसल्या. मला वाटलं, चुलीत शिरावं. तेव्हा अक्कांनी माझा हात धरून दाराच्या उजेडाकडे केला, पोळीसकट. "गोधडी कायची आत्याबाई? पाय, तिच्या बांगड्या दिसू रायल्या." मी खाली बघितलं. काही दिसत नव्हतं. सासूबाईंची नजर तेव्हाच कमी झाली होती, त्या "हं" म्हणाल्या आणि विषय संपला. त्या खोट्यावर मी पोळी शिकले. मला येतं असं कोणीतरी म्हणालं होतं ना — मग हात भ्यायचे थांबले. अक्कांइतकी कधी जमली नाही. पण जमली.

पुढे आम्ही दोघी सणाच्या ऑर्डरी घेऊ लागलो. म्हणजे घ्यायची मी, करायच्या दोघी. होळी, पोळा, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचे महिने खापर कोनाड्यात. आणि ऑर्डर झाली तरी पैसे मागायचे कोणी? आमचे हे डबे पोचवून यायचे, हिशेब माझ्याकडे. मी बाईच्या दारात जायची, ती म्हणायची, "देते हं, थोडं थांबा," आणि मी मान हलवून परत. बायका वाईट नव्हत्या. विसरायच्या. मागितले असते तर दिले असते. पण मागण्यासाठी तोंड उघडावं लागतं. मी कितीदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत कोणाच्या ओट्यावर उभी राहिले आहे आणि "सहज आले होते" म्हणून परतले आहे! तुम्हाला हसू येईल. मला त्या ओट्यांची अजून भीती वाटते.

माझी मुलगी मनीषा जळगावला एका दुकानात कामाला आहे. एकदा घरी आली आणि चिडली. "आई, तू मागत नाहीस म्हणून लोक देत नाहीत. आता मागायचंच नाही असं करते मी." तिने मेंबर केले. दर पौर्णिमेला पोळ्यांचा डबा घरपोच, आणि पैसे महिना लागला की आधीच, त्यांच्या फोनमधून आपोआप कापून माझ्या खात्यात. दीपनगरच्या कॉलनीतले लोक झाले, भुसावळचे झाले. मी म्हटलं, पोरी, गहू भिजले नाहीत, चूल पेटली नाही, पैसे कोण देईल? ती म्हणाली, "बघ तू."

पहिला महिना लागला. मी अंगण झाडत होते. खिडकीत ठेवलेला फोन वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. मी झाडू हातात धरून तशीच उभी. मी कोणाच्या दारात गेले नव्हते. पदराचं टोक गुंडाळलं नव्हतं. अजून न केलेल्या पोळीवर, कधी न पाहिलेल्या बाईवर, कुठले कोण लोक विश्वास ठेवून बसले होते! मला देवळात गेल्यावर होतं तसं झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आकाशातला चंद्र कोणी न सांगता भरतो, तसंच हे — कोणी न मागता. मी संध्याकाळी अंगणात उभी राहून चंद्राकडे बघू लागले, नातं असल्यासारखी.

आणि अक्का? अक्का दर पौर्णिमेला यायच्या, बसायच्या, गप्पा मारत पोळ्या करायच्या. मी एकदा पैशांचं काढलं, तेही चाचरत. त्या हसल्या. "घरच्या पोयीचे पैसे घेते का कोनी?" आणि मी लगेच गप्प बसले. आमच्याकडे खापरावर पोळ्या करायला बसणाऱ्या बाईची ओटी भरतात, हाताचे पैसे देत नाहीत, हे खरं आहे. पण ती रीत सणाच्या पोळीची. पुन्हा विचारायला हवं होतं, हे मला कळत होतं. पाहुण्याला आपण चहासुद्धा दोनदा विचारतो.

हेच सांगायचं होतं का? नाही. हे लाजेचं आहे, पण ते हे नाही. मी अजून टाळतेच आहे बघा.

डब्यात आमच्या दोघींच्या पोळ्या एकावर एक असायच्या. एक दिवस दीपनगरच्या एका मॅडमनी फोनवर आपला आवाज पाठवला. मनीषाने मला ऐकवला. त्या म्हणत होत्या, डब्यात एक-दोन पोळ्या अशा असतात की उजेडात धरल्या तर पलीकडचं दिसतं, आमच्या घरात त्यांच्यासाठी भांडणं होतात, महिनाभर आम्ही त्यांची वाट बघतो — त्या कोण करतं हो? मनीषाने विचारलं, "कोण गं आई, तू का मोठी आई?"

मी म्हटलं, मी.

का म्हटलं? माहीत नाही. तिने मला मिठी मारली. तिच्या चेहऱ्यावर तसा अभिमान मी कधी पाहिला नव्हता, निदान माझ्यासाठी तरी नाही. आता तो परत कसा घ्यायचा? आणि मग मॅडमचा निरोप आला: पुढच्या पौर्णिमेला आम्ही बहिणी-बहिणी बघायलाच येतो.

त्या आल्या की खापरासमोर अक्का दिसणार. सगळ्यांना कळणार, लोक महिनाभर वाट बघतात ती कोणाची. मग ते मेंबर कोणाचे? मग तो सकाळचा फोन कोणाचा? मला माझे जुने ओटे दिसू लागले.

अक्का अंगणात बसून कपड्यातून पीठ चाळत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अक्का, लोकांची तक्रार आली आहे. तुमच्या पोळ्या फाटतात म्हणे. पुरण बाहेर येतं." ज्या तोंडातून हक्काचे पैसे मागायला शब्द निघत नव्हता, त्यातून हे एकदाही न अडखळता निघालं. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. आजही वाटतं. हे बोलणारी माझ्या आत कुठे बसली होती इतकी वर्षं?

अक्कांचे हात थांबले. पिठाने भरलेले दोन्ही तळवे त्यांनी वर केले, बघितले, उलटे करून बघितले.

"माह्या?"

"हो."

"बरं झालं वं सुमन, सांगितलं," त्या म्हणाल्या. "लोकाईचे पैसे येतात. मंग तूच बस खापरावर. मी गोळे भरते."

बरं झालं म्हणाल्या! भांडल्या असत्या, कोण म्हणतं म्हणून विचारलं असतं, तर कदाचित मी तिथेच मोडले असते. त्यांनी विचारलंच नाही. मी सांगितलं, म्हणून ते खरं.

मॅडम आल्या. मी खापरासमोर, पोळी नेहमीपेक्षाही जाड. त्यांनी फोटो काढले, पोळीची घडी उचलून उजेडात धरली आणि बहिणीला म्हणाल्या, "हीच ती! बघ, हीच." मागून अक्का कौतुकाने म्हणाल्या, "माही देरानी हाये, धाकली जाऊ. मीच आनली व्हती पसंत करून." सगळ्या हसल्या. मीही हसले.

आता सर्वांत विचित्र गोष्ट सांगते. त्या दिवसापासून डब्यातून ती पातळ पोळी गेली, आणि एकही मेंबर गेला नाही. कोणी विचारलं नाही. महिना लागला, फोन वाजला. पुढचा लागला, पुन्हा वाजला. वर नवे लोक आले. एकदा महिन्याचं लावलं की ते चालूच राहतं, असं काहीतरी मनीषा म्हणाली. म्हणजे मी ज्या भीतीने बोलले, ती भीती कुठे नव्हतीच. मी खरं सांगितलं असतं तरी फोन वाजला असता. अक्का खापरावर आणि मी गोळे भरत — तरीही वाजला असता.

मग आखाजी आली. अक्कांची मुलगी माहेरी आली. आखाजीला मुलगी घरी आली की आई तिला आपल्या हातची पोळी घालणारच. अक्कांनी आपली चूल पेटवली, आपलं खापर चढवलं. मी आमरसाचं पातेलं घेऊन तिथेच होते. त्यांनी गोळा लाटला, हातावर घेतला.

आणि त्याच्याकडे बघितलं.

त्या कधी बघत नव्हत्या हो. दाराबाहेर बघायच्या. आता डोळे पोळीवर रोखलेले, श्वास धरलेला, बोलणं बंद. कोपर ताठ झालं. पोळी मधोमध फाटली आणि पुरण खापरावर पडलं. गूळ जळल्याचा वास सुटला. दुसरी घेतली, तीही फाटली. मुलगी म्हणाली, "अवं माय, तुही पोयी फाटली?" अक्का हसल्या. "सुमन मले कव्हाची सांगू रायली. हात गेला माहा. काकूच्या हातची खाय, लोकं पैसे देऊन खातात."

मी बसले. केल्या. मुलगी खाऊन छान आहे म्हणाली.

मी जेव्हा बोलले तेव्हा ते खोटं होतं. माझ्या बोलण्यामुळे ते खरं झालं. चोरलं असतं तर परत देता आलं असतं. हे कुठून आणून देऊ? असे हात मी पुन्हा पाहिलेले नाहीत. बोदवडमध्ये नाही, माहेरी नाही, कुठेच नाही.

अक्का अजून आहेत. मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झाल्यावरही सांगेन असं मी म्हणत नाही.

गेल्या पौर्णिमेला अक्का नेहमीसारख्या शेजारी बसल्या होत्या, गोळे भरून परातीत ओळीने ठेवत. मी एक हातावर घेतला, झुलवला. त्यांनी मान वर केली, माझा हात धरून दाराच्या उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "पाय वं सुमन, तुह्या बांगड्या दिसू रायल्या."

मी खाली बघितलं. दिसत नव्हत्या. पोळी मी खापरावर टाकली.