वयाची अट

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली मावशी म्हणायची, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. बेचाळिसाव्या वर्षी असं जगाची मावशी होणं तिला फारसं रुचत नव्हतं, पण तक्रार करायला सवड कुणाला होती? जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान होतं. दोन मशिनं, कापायचं एक लांब टेबल आणि पाय पसरायला जेमतेम जागा. नवरा बसच्या आगारात मेकॅनिक होता. मुलगा शिकून परगावी नोकरीला लागला होता.

एक दिवस तिला रंगाच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. बाई सत्तरीच्या होत्या. वडिलांमागे कारखाना त्यांनीच वाढवला होता. लग्न केलं नव्हतं आणि जिभेला लगाम नव्हता. त्यांच्या पश्चात इस्टेटीचं काय करायचं, हे गावाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. बाईंनी मात्र कुणालाच न विचारता जाहीर केलं, की टेकडीवरचं त्यांचं घर विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह होणार आणि मुलींच्या शिक्षणाचा सगळा भार कारखाना उचलणार. स्वतः त्या मागच्या दोन खोल्यांत राहणार होत्या.

वकील असलेल्या भाच्याने समजावून पाहिलं. बाईंनी त्याला ऐकवलं, की आपल्या दोन्ही भावांना वडिलांनी हौसेने विद्यापीठात पाठवलं आणि आपल्याला मात्र डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. भाऊ नापास होऊन परत आले, तोवर त्या कारखाना चालवायला लागल्या होत्या. भाच्याने फाईल मिटली, कारण त्या दोन भावांतला एक त्याचा बाप होता.

मावशीला बोलावलं होतं ते पडद्यांसाठी. सव्वीस खिडक्या, आणि एकीचं माप दुसरीला लागेल तर शपथ. मावशी टेप लावत, पुटपुटत एकेक खोली पालथी घालत होती. बाई काठी टेकत मागोमाग. शेवटच्या खिडकीपाशी मावशीने एकूण कापड किती लागेल ते सांगून टाकलं. बरोबर आलेल्या भाच्याने मोबाईलवर आकडेमोड केली, तर त्याचं उत्तर बरंच कमी आलं. मावशीने शांतपणे सांगितलं, की चुण्यांसाठी रुंदी अडीचपट धरावी लागते आणि या कापडाचा पन्हा, म्हणजे अंगची रुंदी, लहान आहे. त्याने पुन्हा आकडे घातले. तिचंच उत्तर आलं.

बाईंनी तिला खुर्ची दिली आणि खोदून खोदून विचारलं. शाळेत मावशीचा गणितात पहिला नंबर असायचा. विद्यापीठाचा अर्ज शाळेतल्या शिक्षिकेने स्वतः घरी आणून दिला होता. पण त्याच आठवड्यात लग्न ठरलं.

"आणि तो अर्ज?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मागची बाजू कोरी होती ना. आईने त्यावर पाहुण्यांची यादी केली," मावशी म्हणाली आणि हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भाच्याकडून वसतिगृहाच्या नियमांचा कागद मागवला. त्यात लिहिलं होतं, अर्जदाराचं वय पंचवीसच्या आत असावं.

"ही अट कुणी घातली?"

"अशीच पद्धत असते, आत्या."

बाईंनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि मावशीला सांगितलं की पहिला अर्ज तू भरायचास; राहा हवं तर घरीच, शिक्षणाचा खर्च कारखान्याचा. मावशीला वाटलं, थट्टा चाललीय. बाईंनी आपल्याकडून एकच अट घातली: जे शिकशील ते रोज संध्याकाळी येऊन मला सांगायचं.

घरी जेवताना तिने नवऱ्याला हे भीतभीत सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. दुकानाचं काय, असं तो विचारणार, म्हणून तिने उत्तरही तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, "इतक्या वर्षांत माझ्या एका पँटची लांबी चुकली नाही तुझी. गणितात काय चुकणार आहेस?" आणि पुढच्याच आठवड्यापासून त्याने सकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला. पहिला महिनाभर दोघांनी करपलेला भात निमूटपणे खाल्ला.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली, तसा सगळा वर्ग उठून उभा राहिला. प्राध्यापिका आल्यात असंच पोरींना वाटलं. ती घाईघाईने मागच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा जो हशा पिकला त्यात तीही सामील झाली. दुपारपर्यंत ती त्या वर्गाचीही मावशी झाली होती.

पहिल्या चाचणीत मात्र ती सपशेल आपटली. चोवीस वर्षांचा गंज एका महिन्यात कसा निघणार? संध्याकाळी ती बाईंकडे गेली ती शिक्षण सोडते असं सांगायलाच. बाईंनी धीर वगैरे काही दिला नाही. "कुठे अडलं ते सांग," एवढंच म्हणाल्या. मावशीने सांगितलं. बाईंना ओ की ठो कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना मावशी मध्येच थांबली, कागद ओढला आणि भराभर लिहीत सुटली.

"मला अजूनही कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण तुला कळलं, ते दिसलं मला."

मग ती संध्याकाळची शिकवणी कधी चुकली नाही. बाई तिथे अशा शंका काढत, की मावशीला त्या दुसऱ्या दिवशी वर्गात विचाराव्या लागत. एकदा तर प्राध्यापक डोकं खाजवत म्हणाले, की याचं उत्तर उद्या वाचून येऊन देतो. हे कळल्यावर बाईंचा पुढचा आठवडा फार सुखात गेला.

तीन वर्षांनी मावशी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. पदवीदानाचा काळा झगा तिला खांद्यात ढगळ होत होता. तिने तो आदल्या दिवशी घरी आणून टाके घालून बसवला, आणि मैत्रिणींचे आणखी नऊ झगेही. मंचावर तिचं नाव पुकारलं, तेव्हा मुलाने भर सभागृहात शिट्टी मारली. नवरा रुमालात तोंड घालून बसला होता. पहिल्या रांगेतल्या बाई मात्र शेजारच्या कुलगुरूंना सांगत होत्या, की या झग्यांचं शिवणकाम अगदीच सुमार आहे आणि पुढच्या वेळी कुणाकडे द्यायचं ते आपल्याला विचारावं.

आता मावशी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. दुकान नणंद बघते. टेकडीवरच्या घरात बावन्न जणी राहतात, त्यातल्या तिघी पोरंबाळं असलेल्या. संध्याकाळी मावशी पहिल्या वर्षाच्या मुलींना घेऊन जेवणाच्या लांब टेबलाशी बसते. बाई टेबलाच्या टोकाला असतात, आणि त्यांच्या शंका संपल्याशिवाय कुणालाही ताट मिळत नाही.