दामूचे बूट खालीच राहतील

दामूला रविवारी डॉक्टरकडे ओढत न्यायचंच, असं ठरवून मी शेलार गावातल्या यंत्रमाग कारखान्यात गेलो होतो. त्याच्या लूमवर दुसराच कोणी उभा होता. खडखडाटात माझ्या कानाशी तोंड आणून मुकादमाने सांगितलं, "वो अंजूरवाला? परसों गुजर गया." अंजूर हे दामूचं गाव. पिवळे डोळे घेऊन, गळ्यात काविळीची माळ घालून हा माणूस शिफ्ट करत होता आणि डॉक्टरचं नाव काढलं की हसत होता. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो... गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

आम्ही दोघं मुंबईच्या एका गिर्यारोहण क्लबाबरोबर कडे चढायचो. तो वर, मी खाली दोर धरून. त्याच्या आजोळी एक सरळसोट सुळका आहे. गावातले लोक त्याच्या माथ्यालाच देव मानतात आणि पायथ्याशी नारळ फोडतात. मधे कातळाला असा फुगवटा की पाय अधांतरी राहतात आणि बोटांची पेरं तेवढी एका खाचेत मावतात. तिथून तो कितीदा सुटला, कितीदा दोराला लोंबकळला. शेवटी एका हिवाळ्यात त्याने तो फुगवटा पार केला. माथ्याच्या जरा खाली, मेखेला त्याने कॅनव्हासचे बूट नाडीने बांधले, अनवाणी वर सरकला, माथ्याच्या दगडावर डोकं टेकवलं आणि बूट गळ्यात अडकवून उतरायला लागला. वर उभा राहा म्हणून मी खालून घसा फोडत होतो. खाली आल्यावर म्हणाला, "देव हाय तो. डोका टेकला, बस झाला. पाय न्हाय ठेवायचा." मी चिडून परतीच्या वाटेवर पार कशेळी गावापर्यंत त्याच्याशी बोललो नाही. दुर्बीण लावून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या क्लबवाल्यांनी मात्र ठरवून टाकलं, चढाई अपुरी.

परवाच्या शोकसभेत अध्यक्षांनी तोच शब्द पुन्हा काढला. दामूचं अपुरं स्वप्न ते पुरं करणार आहेत म्हणे. माथ्यावर भोकं पाडून त्याच्या नावाची पाटी ठोकायची, शेजारी त्याचे बूट सिमेंटमध्ये बसवायचे. टाळ्या पडल्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी दुसरं काय असतं? अपुरं काय राहिलं, असं मी उठून विचारलं, तर मला भावनेच्या भरात बोलतोय म्हणून खाली बसवलं. मग मागच्या रांगेतून दामूचे वडील उठले. "माज्या पोराला देवाच्या डोक्यावर नका बसवू," एवढंच म्हणाले. अध्यक्षांनी हात जोडले आणि पाटीच्या खर्चाचं बोलायला घेतलं.

तेराव्याला वडिलांनी ते बूट मला दिले. दाराजवळच्या खिळ्याला टांगलेत, नाडीला त्याचीच गाठ आहे. बायकोने एकदा धुवायला मागितले, मी दिले नाहीत. टाचेत अजून तिथली लाल माती आहे. उद्या क्लबचा माणूस ते न्यायला येणार आहे. येऊ दे, चहा पाजीन. बूट मिळणार नाहीत. दामूने ते स्वतःच्या हाताने खाली ठेवले होते.