विहीणबाईंची बोणी

लातूरच्या बाजारात दिवस सूर्यामुळे उगवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या विहीणबाईंना पाहिलेलं नाही. सूर्य आपला वेळेवर वर यायचा, शटरं उघडायची, दुकानदार उदबत्ती ओवाळायचे, पण गोलाईच्या गोल पेठेतला निम्मा बाजार खऱ्या अर्थानं सुरू व्हायचा तो विहीणबाईंनी कमरेच्या पिशवीची गाठ सोडल्यावर. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे आमच्याकडची बोणी, त्यांच्या हातून झाली की संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक तुटत नाही, अशी त्यांची कीर्ती. माझी लेक त्यांच्या घरात देऊन आता पंचवीसेक वर्षं होत आली. एवढ्या काळात त्यांनी किती दुकानांचं भलं केलं ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या घरात नको त्या वस्तू किती साठल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुठंही नवं दुकान निघालं की यांना बोलावणं यायचं, आणि बोणीला गेलेल्या माणसानं रिकाम्या हातानं परतायचं नाही, घासाघीस करायची नाही, घेतलेली वस्तू परत करायची नाही, असे त्यांचे कडक नियम. म्हणून त्या घरात सायकल कुणाला चालवता येत नसताना सायकलचा पंप आहे, आणि माळकरी घर असून मासे पकडायचा गळ आहे. एका नव्या डॉक्टरनं दवाखाना उघडला तेव्हा या सकाळी नऊलाच जाऊन बसल्या. "काय होतंय, मावशी?" असं त्यानं विचारल्यावर म्हणाल्या, "मला काई होत न्हाई. तुमची बोणी करायला आले." त्या बिचाऱ्यानं रिकामं कसं पाठवायचं म्हणून रक्तदाब मोजला आणि तो एवढा निघाला की तेव्हापासून त्यांना गोळी सुरू आहे. पण त्यात त्यांना वावगं काहीच वाटलं नाही. "बघा, दिलेला पैसा कुठं वाया गेला का?" असं वर मलाच विचारलं.

बोणीची नोट कशी हवी यालाही शास्त्र होतं. फाटकी नको, शाईनं लिहिलेली नको, चौघडी केलेली तर मुळीच नको. अशा नोटा त्या गादीखाली ठेवून झोपायच्या, त्यामुळे त्या इस्त्री केल्यासारख्या निघायच्या. एकदा नोट दिली की दुकानदार ती डोळ्याला लावून गल्ल्यात टाकायचा आणि या पायरी उतरायच्या. दुसऱ्या दुकानात, जिथं बोणी आधीच झालेली असे तिथं, याच बाई कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला घाम फोडत.

हे सगळं मी आज कौतुकानं सांगते आहे, पण पहिल्या भेटीत मी काय दिवे लावले ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी तेव्हा भोकरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. त्या वेळची मी आज समोर आली तर मी दाराची कडी काढणार नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिला मत होतं आणि ते खडूनं फळ्यावर लिहिल्यासारखं ती मोठ्यानं सांगायची. लेकीच्या लग्नाचा बस्ता लातूरला बांधायचा ठरला. दोन्हीकडची सोळा माणसं कापड दुकानाच्या गादीवर बसली होती, शेटजींनी पहिला गठ्ठा सोडला, आणि विहीणबाई म्हणाल्या, "आधी बोणी होऊ द्या, मंग बघा साड्या." झालं! मी त्या सोळा माणसांना हातगुणाला कसा शास्त्रीय आधार नाही, हे पाऊण तास समजावून सांगितलं. नवरदेवाच्या चुलत्यांना तर झोप लागली. माझ्या पर्समध्ये नवंकोरं चेकबुक होतं, आणि ते लोकांना दिसावं म्हणून मी पर्सची चेन उघडीच ठेवली होती. साड्या पसंत झाल्यावर मी पेनाचं टोपण काढलं आणि चेकवर अशी काही झोकदार सही केली की सगळी मंडळी बघत राहिली. शेटजींनी चेक उजेडात धरून एक्स-रेसारखा दोन्ही बाजूंनी पाहिला. "नांदेडचा हाय, पैसे यायला लई दिवस लागतेत," ते नाराजीनं म्हणाले. विहीणबाई म्हणाल्या, "घ्या शेटजी. माझ्या ईनबाई हायत त्या." त्यांनी घेतला. पुढं तो चेक वटला नाही. खात्यात पैसे होते, पण मी एवढ्या झोकात सही केली होती की माझ्याच बँकेनं ती ओळखली नाही! मला हे कळेपर्यंत विहीणबाईंनी गादीखालच्या इस्त्रीच्या नोटा नेऊन दिल्या होत्या. त्यांनी आजतागायत हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं आहे.

पुढं बाजारात फोननं पैसे द्यायचं आलं आणि मला वाटलं, आता यांचं कसं होणार? मला तेव्हा थोडी गंमतही वाटत होती, ते लपवत नाही. मी नांदेडला वजिराबादेत फोन दाखवून भाजी आणणारी आमच्या गल्लीतली पहिली म्हातारी. पण विहीणबाई माझ्यापेक्षा पटकन शिकल्या. फक्त त्यांनी त्या विद्येला आपल्या घरचं वळण लावलं. पैसे दिले की दुकानातल्या डब्यातून एका बाईचा आवाज येतो, अमुक रुपये प्राप्त झाले म्हणून. विहीणबाई त्या आवाजाला "हाव बाई, दिले" असं उत्तर देत. ती बोलल्याशिवाय पायरी उतरायची नाही, हा नवा नियम झाला. "स्क्रीनवर हिरवी खूण आली ना, चला आता," असं मी म्हटलं की म्हणायच्या, "ते माझ्या फोनमध्ये आलं. त्याच्या कानावर कुठं गेलंय अजून?" कोणत्या दुकानात रेंज कुठं मिळते, हे त्यांना तोंडपाठ. डाळीच्या दुकानात खांबापाशी, औषधाच्या दुकानात काट्यावर उभं राहिल्यावर. डबा दुपारी दोननंतर रुसतो, ढगाळ हवेत अडखळतो, पण सकाळी नऊला मात्र एका दमात बोलतो, असं त्यांचं निरीक्षण होतं, आणि मी विज्ञानाची शिक्षिका असून मला ते कधी खोडता आलं नाही. कमरेची पिशवी मात्र सुटली नाही. "फोनला सोबत नको का?" एवढंच म्हणायच्या. एकदा आम्ही दोघी लातूरहून नांदेडला येताना चाकूरच्या फाट्यावर मी भजी खाल्ली आणि फोन वर करून, खाली करून, गोल फिरून पाहिला तरी पैसे जाईनात. भजीवाला शांतपणे माझा नाच बघत होता. तेव्हा त्यांच्या पिशवीतल्या याच सोबतीनं माझी लाज राखली.

गेल्या वर्षी विहीणबाईंचे यजमान गेले. आजारपण फार नाही, त्रास फार नाही, माणूस बोलता बोलता गेला. त्यानंतर नव्या दुकानांची बोलावणी यायची थांबली. कुणी काही बोललं नाही, तसं कुणी बोलतही नाही. कापडाचे शेटजी रस्त्यात भेटले तर चपलेकडे बघू लागले. आणि विहीणबाईंनीही सकाळचं बाजारात जाणं सोडलं. भाजी आणायला आता अकरानंतर जायच्या, सगळ्यांच्या बोण्या उरकल्यावर. मी एकदा फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे दुखायलेत." त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण आहेत.

अशात आमच्या दोघींच्या नातीनं केकचं दुकान काढायचं ठरवलं. पोरगी पुण्याला बेकरीचं शिकून आली, तिकडची नोकरी नाकारून आली. दुकान चालेल की नाही याची धाकधूक तिच्या डोळ्यांत दिसत होती. उद्घाटनाला मी आदल्या दिवशीच लोहा, अहमदपूर करत एसटीनं जाऊन पोहोचले. नातीनं जाहीर केलं, "बोणी आजीच करणार." विहीणबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "मी मागं बसते. तुझ्या नांदेडच्या आजीला करू दे. त्यांचे मालक हायत." मी त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा शास्त्र बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "माझा हात? अहो, मी हात लावलेला चेकसुद्धा वटत नाही. पोरीचं दुकान बुडवायचंय का तुम्हाला?" त्या हसल्या नाहीत, पण सकाळी बघते तर गादीखालून काढलेली घडीची साडी नेसून तयार.

नातीच्या दुकानात फोन नुसता डब्याला टेकवायचा होता. विहीणबाईंनी चाळीस रुपयांचा एक साधा केक घेतला, देवळाच्या उंबऱ्याला हात लावावा तसा फोन डब्याला लावला आणि मग स्वतःच्या कपाळाला. आम्ही कान टवकारले. डबा गप्प. एक मिनिट झालं, दोन झाली. बँकेचा मेसेज आला, पैसे गेले म्हणून. डबा तरी गप्पच. नातीनं फोन घेऊन पाहिला, "आजी, मधेच अडकलेत. बँकेचा सर्व्हर बंद दिसतोय. येतील, नाहीतर परत जातील."

"परत?" विहीणबाईंचा चेहरा उतरला. "बोणी कुठं परत येती का, बाळा?"

"मग रोख दे ना. आहेत ना पिशवीत?"

"ते पैसे वाटंत हायत," त्या म्हणाल्या. "निघालेल्याला वाटंत सोडून दुसऱ्याला पुढं घालायचं का?" आणि खुर्ची ओढून डब्यासमोर बसल्या. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "ईनबाई, माझा हात गेला वाटतं. त्यांच्यासंगंच गेला."

पाऊण तास भाषण ठोकणारी बाई मी, पण तेव्हा मला चारच शब्द सुचले. "हात नाही, नेटवर्क गेलंय." आणि तेवढ्यात एक गृहस्थ हातात पाचशेची नोट घेऊन दुकानाची पायरी चढले. वाढदिवसाचा केक हवा होता त्यांना. नात उठायच्या आत मी दारात आडवी झाले.

"थांबा."

"का? दुकान बंद हाय?"

"उघडं आहे. पण बोणी व्हायचीय."

हे मी म्हणाले! बस्त्याच्या दिवशीची ती शिक्षिका कुठं तोंड लपवून बसली असेल कोण जाणे. पण गृहस्थ लातूरचे. "हाव का? मंग होऊ द्या," म्हणून मोटारसायकलवर जाऊन बसले. पाठोपाठ दोघी कॉलेजच्या मुली आल्या, त्यांनाही थांबवलं. मग कोणी नुसतं "काय हाय इथं?" म्हणून थांबलं. नव्या दुकानापुढं माणसं उभी दिसली की आणखी माणसं उभी राहतात. अर्ध्या तासात रांग शेजारच्या चपलांच्या दुकानापर्यंत गेली, आणि त्या रांगेत चपलेकडे न बघता सरळ समोर बघत कापडाचे शेटजी उभे! त्यांनी आत डोकावून विचारलं, "माय, झाली का बोणी?" विहीणबाईंनी मान हलवली, नाही म्हणून.

आणि तेवढ्यात डब्याला कंठ फुटला. त्या बाईनं चाळीस रुपये प्राप्त झाल्याचं असं खणखणीत सांगितलं की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि डब्याला म्हणाल्या, "हाव बाई, दिले. लई वाट बघायला लावलीस." दुपारी बारालाच केक संपले. नात रडत होती आणि हसत होती, आणि मी दारात उभी राहून पाय दुखले अशी तक्रार करत होते, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

चार दिवसांनी शेटजींनी फोनवर आपल्या दुकानाचा पैसे भरायचा तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन पाठवला आणि खाली लिहिलं, माय, घरूनच केली तरी चालेल. ओशाळं झालेलं माणूस याहून जास्त काय लिहिणार? मग डाळवाल्यानं पाठवला, औषधवाल्यानं पाठवला. आता विहीणबाई रोज सकाळी आंघोळ करून देवासमोर बसतात आणि एकेका दुकानाला एकेक रुपया धाडतात. "आता घरात पंप येत न्हाई की गळ येत न्हाई," म्हणतात. मग जरा थांबून एकदा म्हणाल्या, "आन ईनबाई, त्या डब्यातली बाई लई चांगली. कपाळावर काय हाय ते बघत न्हाई."

सगळ्यात शेवटचा रुपया नांदेडला येतो, माझ्या फोनवर. माझं काही दुकान नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुकान नसलं म्हणून काय झालं? तुमचा बी दिवस सुरू व्हायचाच की."

तेव्हापासून साडेआठला मी स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन ठेवते, तिथं रेंज बरी असते. आमचे हे चहासाठी खाकरून दाखवतात. बहुतेक दिवशी रुपया वेळेवर येतो. एखाद्या दिवशी मात्र कुठंतरी अहमदपूर-लोह्याच्या मधे अडकतो. फोन करून विचारता येईल, पण बोणीच्या आधी बोलायचं नाही असा नियम आहे. मग मी गॅस न पेटवता, पातेल्यात पाणी घेऊन तशीच उभी राहते. निघाला असेल तो तिकडून.