नागोरावांचं मनगट आणि काळी तीन

जैनथच्या नागोरावांशी मनकर्णाबाईंनी सत्तावीस वर्षं संसार केला, पण निम्म्याहून अधिक वेळ त्यांना नवऱ्याची पाठच दिसली. वांग्यांना पाणी लावलं की हा गडी मेथीत, मेथीत बसला की थोड्या वेळानं फटफटीवर. मधमाश्यांच्या पेट्या आणल्या आणि दोन महिन्यांत भाच्याला देऊन टाकल्या. आळंबी लावली, ती वर यायच्या आत यांचं मन उडालं. असं घरभर अर्धवट सामान पडलेलं.

मुलगा वैभव नोकरीला हैदराबादला गेला, तेव्हा त्याची गिटार खुंटीलाच राहिली. नागोरावांनी ती उतरवली, मोबाईलवर बघून बोटं ठेवायला शिकले, आणि शनिवारी मारुतीच्या देवळात भजनी मंडळात जाऊन बसले. लोक हसले. मनकर्णाबाईंनी तर महिनाच दिला होता. पण दीड वर्ष झालं, गिटार सुटली नाही. बावन्नाव्या वर्षी एक तरी गोष्ट आपण धरून ठेवली, याचा नागोरावांना इतका आनंद होता की ते स्वतःशीच हसत.

आणि मग डावं मनगट धरलं.

त्याचं कारण होतं बी नावाचा कॉर्ड, म्हणजे स्वरमेळ. त्यात पहिलं बोट तारांवर आडवं, पट्टीसारखं दाबून धरावं लागतं. भजन वर चढलं की हा बी यायचाच, आणि आला की अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ जायची. पुढे पुढे वांगी तोडतानाही हात दुखू लागला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि महिनाभर वाजवायचं नाही म्हणून सांगितलं.

महिनाभर! नागोराव स्वतःला ओळखून होते. एकदा खाली ठेवली की ही गिटारही मधमाश्यांच्या वाटेनं जाणार. त्या भीतीनं त्यांची झोप गेली. पट्टा सोडायचे, बांधायचे, अंगणात येरझाऱ्या घालायचे. चार दिवस कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी दुपारी गिटार घेऊन ओसरीवर बसले. बी धरला आणि कळवळले.

मनकर्णाबाई समोर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. “तुमी त तिचा गळाच धरून राह्यले,” त्या म्हणाल्या.

“धरा लागते. नाही त वाजत नाही.”

“माह्याकडे पाहा. दिवसाच्या दोनशे जुड्या बांधतो मी. अंगठ्यानं दाबल्या असत्या त हात कवाच गेला असता.” त्यांनी जुडीला वाखाची दोरी गुंडाळली. मनगट सरळ, अंगठा नुसता टेकलेला, आणि सगळा ओढा कोपरातून. “जोर इकडून येते. बोटं नुसते जागेवर ठेवा लागते.”

नागोराव चिडले. गिटार आणि मेथी एकच का, म्हणाले. पण त्या आत गेल्याबरोबर हळूच करून पाहिलं. गिटार डाव्या मांडीवर घेतली, तिची मान वर उचलली, म्हणजे मनगट वाकायचं थांबलं. अंगठा दांडीच्या मागे मधोमध टेकवला. कोपर बरगडीजवळ आणून सगळा हातच थोडा मागे ओढला. पाच तारा दाबायचा हट्ट सोडून लागतील त्या चारच धरल्या. कळ निम्म्यानं कमी झाली. निम्मी मात्र राहिली.

ती का राहते, याचा छडा लागायला आणखी दोन दिवस गेले. मंडळाची पेटी संतोषकडे. तो काळी तीन या चढ्या पट्टीत गातो, म्हणून सगळं देऊळ काळी तीनमध्ये. तबला ठोकून पेटीला मिळवतात, तशा नागोरावांनी तारा गिटारच्या मूळ सुराच्या वर पिळून पेटीला मिळवल्या होत्या. नव्या पट्टीसाठी नवे कॉर्ड शिकावे लागले असते; येत होते ते चार सोडायला नकोत म्हणून! एक तार तुटली तेव्हाही त्यांनी तारेच्याच नावानं बोटं मोडली. त्या ताठ तारांशी दीड वर्ष झुंजून हात गेला होता. आता त्यांनी गिटारच्या खुंट्या उलट्या फिरवल्या, खालच्या काळी दोनपर्यंत. तारा मऊ झाल्या. बी वाजला, आणि दुखलं नाही.

शनिवारी संतोषसमोर बसून नागोराव म्हणाले, “आज काळी दोन घे.”

“काऊन? तुह्या हातासाठी सगळ्या मंडळानं खाली यायचं?”

“हो. नाही त मी उठतो, आन मंग पुन्हा बसत नाही.”

हे धमकी म्हणून नव्हे, घाबरून बोललं गेलं. संतोषनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कुरकुरला, आणि काळी दोन दाबली.

पहिल्या भजनाला नागोरावांचं सगळं लक्ष कोपराकडे होतं. दुसऱ्याचं कडवं वर चढलं. बी आला, गेला. तेवढ्यात मागच्या बायकांतून एक आवाज उठला, जाडसर, पण सुरात पक्का. नागोरावांची बोटं अडखळली. लग्नानंतर बायकोच्या ज्या आवाजासाठी ते देवळात येत, तोच होता. मनकर्णाबाई टाळ्या वाजवायला येतात, असंच ते इतके दिवस धरून चालले होते. ती गात नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भजन संपल्यावर पायरीवर चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, “तू गाणं कवा सोडलं होतं?”

“तीन वर्सं झाले. काळी तीनले गळा पुरत नव्हता.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“तुमी थांबले असते त सांगतलं असतं.”

नागोरावांना फार लाज वाटली. अशा वेळी ते काहीतरी काम काढून चालू लागत. आताही पाय तेच म्हणत होते, फटफटी समोरच उभी होती. त्यांनी चप्पल काढली, पायरीवर बसले, आणि बाजूची जागा हातानं झाडली.

“सांग,” ते म्हणाले.