सासूने सांगितलेला जबाब

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विस्मरणात गेली, पण तलासरीकडच्या त्या बाईचा जबाब मी विसरलेलो नाही. पालघर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता आणि मी तिथल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

एका सकाळी पाड्यावर आरोग्याचं काम पाहणारी आशाताई ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, आमच्याकडची एक सून परत दवाखान्यात आहे. हात मोडलाय. वर्षात ही तिसरी वेळ. माणूस इतक्यांदा पडतो का?"

मी जुन्या नोंदी काढल्या. आधी दोनदा दवाखान्यातून खबर आली होती, जबाब झाला होता आणि 'पाय घसरून पडली' असं लिहून आम्ही कागद बंद केले होते. दोन्हींखाली सही माझी.

मी दवाखान्यात गेलो. पंचविशीतली वारली बाई, मराठी जेमतेम समजणारी. उशाशी सासू. कसं लागलं, असं विचारल्यावर ती आपल्या बोलीत बराच वेळ बोलली, मध्येच रडली. सासू म्हणाली, "विहिरीवर घसरली, असं सांगते."

एवढ्या बोलण्याचं मराठी एवढंसंच? आधीचे दोन्ही जबाबही सासूनेच मराठीत सांगितले होते, हे तेव्हा ध्यानात आलं. मी सासूला बाहेर नेलं, स्वतःही बाहेर थांबलो आणि आमच्या ठाण्यातल्या वारली महिला शिपायाला आत पाठवलं. ती तासाभराने आली.

"साहेब, ती पडली नाय. नवऱ्याने पाडलं. तिन्ही वेळा तिने हेच सांगितलंय."

नवऱ्याला चौकशीला बोलावलं. तोही विहिरीवर पाय घसरल्याचंच सांगत राहिला. "विहिरीला कठडा आहे, भोवती फरशी कोरडी आहे. मी पाहून आलोय," असं म्हटल्यावर त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "राग आला होता." गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली. ती आशागडजवळ माहेरी गेली.

त्याच सुमारास आदिवासी बायकांच्या एका संघटनेने मागणी लावून धरली होती: जबाबाला सासरचं माणूस दुभाषी नको, प्रत्येक ठाण्यात बाईची बोली जाणणारी बाई हवी. त्यावर डहाणूला झालेल्या बैठकीत एका अधिकाऱ्याने विचारलं, "असं घडतं तरी कुठे?" मी उठलो आणि माझेच दोन बंद कागद, नाव वगळून, वाचून दाखवले.

शेजारी बसलेले माझे वरिष्ठ हळूच म्हणाले, "आपल्याच ठाण्याविरुद्ध बोलताय."

"हो साहेब. सही माझी आहे."

बायकांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर लेखी सूचना निघाली, दुभाषी बायकांची यादी झाली. माहेरी मराठी शिकून घेतलेली तीच बाई पुढे त्या यादीत आली.

एकदा एका नवविवाहितेचा जबाब चालू होता. महिला अंमलदार लिहीत होती, ही शेजारी बसली होती. मी दारात उभा. हिने शांतपणे सांगितलं, "साहेब, तुम्ही जरा बाहेर बसा. ती तुम्हाला भिते."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. जबाबात काय म्हटलंय हे मी आयुष्यभर तपासत आलो होतो. तो देताना खोलीत कोण कोण आहे, हे आधी पाहायचं असतं, ते मला या बाईने शिकवलं. त्या दिवशी आत बराच वेळ बोलणं चालू होतं, आणि मला कसलीच घाई नव्हती.