काठावरची भेग

माणूस उंचापुरा, खांदे दाराच्या चौकटीएवढे, मिशा अशा की लहान मुलांनी आईमागे लपावं. आणि कचेरीत त्याला म्हणायचे काय, तर भागूबाई. ‘भित्री’ हा शब्द कुणी जोडायचंही नाही, कारण तो सगळ्यांना पाठच होता. मातीची पाहणी करणाऱ्या खात्यात आयुष्य घालवलेला हा गृहस्थ खड्ड्यात उतरायला घाबरायचा. हलवायाने साखरेला भ्यावं, तसला प्रकार.

काम सांगायला सोपं होतं. गवताळ माळावर पुरुषभर खोल खड्डा खणायचा, त्याची एक भिंत सुरीच्या टोकाने टोकरून स्वच्छ करायची आणि वरपासून खालपर्यंत माती वाचत जायची. वरचा थर मुळांनी विणलेला, काळपट. त्याखाली तपकिरी, ढेकळांचा. तळाशी पांढरे ठिपके दिसले की आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसलं की चुना. ओली माती अंगठा आणि बोट यांच्यात दाबून तिची पट्टी काढायची. पट्टी कुठवर टिकते आणि कधी मोडते, यावरून तिच्यात चिकण किती, वाळू किती, ते ठरवायचं. आणि शेवटी त्या मातीला तिच्या वर्गात नेऊन बसवायचं. हे सगळं भागूबाई उत्तम करायचा, पण जीव मुठीत धरून.

उतरण्याआधी तो काठाकाठाने फिरायचा, टाच आपटून पाहायचा, उपसलेल्या मातीचा ढीग लांब सारायला लावायचा. खाली गेला तरी एक डोळा वर. आणि मधेच, काही कारण दिसो न दिसो, ओरडायचा, “वर या! सगळे वर या!” लोक धावत वर यायचे, भिंत जागच्या जागी उभी असायची आणि मग हशा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून सगळे पुन्हा खाली. पुढे पुढे तर त्याच्या ओरडण्याने कुणी मानही वळवीनासं झालं.

मला या हसणाऱ्यांचा राग येतो. इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही, की बाबा रे, तू एवढा भितोस ते कशाला?

तो नवा नवा नोकरीला लागला तेव्हा एका जुन्या सर्वेक्षकाने त्याला हाताला धरून शिकवलं होतं. त्या दिवशी माती अगदी पहिल्या प्रतीची होती: खोल, पाण्याचा निचरा होणारी, चिकण-पोयटा. असल्या मातीची भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ उभी राहते, म्हणून तिला टेकू द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. वाळूच्या खड्ड्यात माणूस सावध असतो. गाफील राहतो तो चांगल्या मातीत. भिंत अंगावर आली आणि गुरुजी छातीपर्यंत गाडले गेले. डोकं मोकळं होतं, बोलत होते, “घाबरू नका रे, हळू काढा,” असं उलट काढणाऱ्या पोरांनाच समजावत होते. पण श्वास सोडला की माती तेवढी आत सरकायची, आणि पुढचा श्वास त्याहून लहान यायचा. पोरं हातांनी माती उपसत राहिली. थोड्या वेळाने गुरुजी बोलायचे थांबले.

हे त्याने घरी कधी सांगितलं नाही. घरात तो वाघ होता. त्याची एकुलती एक मुलगी बाप जमिनीच्या पोटात उतरतो या गोष्टी ऐकतच मोठी झाली आणि मोठी होऊन, दुसरं काय, त्याच खात्यात नोकरीला लागली. बापाचं कचेरीतलं नाव तिला पहिल्याच दिवशी कळलं. संध्याकाळी जेवताना तिने विचारलं,

“बाबा, तुम्हाला खड्ड्याची भीती वाटते?”

“छे! भीती कसली? सावध राहतो, एवढंच.”

आई भाजी वाढता वाढता थांबली आणि पुन्हा वाढू लागली. मुलीने विषय सोडला, पण तेव्हापासून कचेरीत ती बापाला ‘सर’ म्हणायला लागली, आणि ते नुसतं शिस्त म्हणून नव्हतं.

तिला स्वतःला मात्र भीती कशाशी खातात हे माहीत नव्हतं. पायऱ्या सोडून ती सरळ उडी मारायची, तळाशी मांडी घालून बसायची, गुणगुणत भिंत टोकरायची. ती खाली असेपर्यंत वर बापाच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं.

तिला त्या माळावर एक माती सापडली होती. खोल, निचऱ्याची, चिकण-पोयटाच. पण चुना तिच्यात खूप खाली साठलेला, आणि वरचा काळपट थर शेजारच्या सगळ्या मातींपेक्षा जाड. हिचा वर्ग वेगळा धरला पाहिजे, असं तिचं म्हणणं. ते तपासायला वर्गीकरण समिती येणार होती. समितीला पटलं तर तिला स्वतःची तुकडी मिळणार होती. नाही पटलं तर पुन्हा नमुन्यांच्या पिशव्या बांधत बसायचं.

त्या सकाळी निघताना तिने बापाला अडवलं.

“बाबा, आज तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि आधीच सांगते, तुम्ही ओरडलात तरी मी वर येणार नाही.”

“नाही ओरडत,” तो म्हणाला. “तुझी शपथ.”

माळावर पोचल्यावर त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं. चुन्याचे खडे समितीला ठसठशीत दिसावेत म्हणून पोरीने आदल्या दिवशी भिंतीचा तळ टोकरून टोकरून हातभर आत नेला होता. दिसत होतं सुरेख. पण वरची सगळी भिंत आता पोट खाल्लेल्या खोडासारखी पुढे झुकून उभी होती. ही चूक मातीवाल्यांनीच करावी अशी. विहीर खणणारा माणूस आपल्या डोक्यावरच्या मातीचा पाया कधी सजावटीसाठी कोरणार नाही.

मुलगी त्याच भिंतीपाशी गुडघे टेकून समजावत होती. समितीच्या अध्यक्षबाई, हाडकुळ्या आणि चष्मेवाल्या, तिच्या शेजारी वाकून ऐकत होत्या. बाकीचे दोन सदस्य वर, नेमके त्याच भिंतीच्या काठावर. तो त्यांच्या मागे उभा होता. खाली बघवेना म्हणून त्याने नजर गवतात वळवली, तेव्हा त्याला ती दिसली. काठापासून थोडी आत, गवताच्या बुडाशी, एक भेग. बोट जाईल एवढी.

कोरड्या दिवसांत चिकण मातीला भेगा पडतातच. पण त्या जाळ्यासारख्या, वाटेल तशा धावतात. ही काठाला समांतर निघाली होती. की तसं फक्त त्यालाच वाटत होतं? आयुष्यभर त्याला असंच तर वाटत आलं होतं, आणि गुरुजींची ती एक सोडली तर सगळ्या भिंती उभ्याच राहिल्या होत्या. ओरडावं तर हे दोघे हसतील, पोरीचा दिवस मातीत जाईल. आणि ती हट्टी कार्टी जागची हलणार नाही ती नाहीच. ओरडण्याचा उपयोग त्याने स्वतःच्याच हाताने संपवून ठेवला होता. त्या क्षणी त्याला स्वतःचा जितका संताप आला तितका हसणाऱ्यांचा कधी आला नव्हता.

“एक हरकत आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “वर्गीकरण चुकलंय.”

खाली मुलीचं बोलणं तुटलं.

“इथे वर भेग आहे. भेगाळ माती वेगळ्या वर्गात जाते. हिने भेगा नोंदवलेल्याच नाहीत.”

“सर, या माळावर भेगा नाहीत,” ती दात आवळून म्हणाली. “मी सगळा माळ पाहिलाय.”

“मग नीट पाहिला नाहीस. ये वर, मोजून दाखव.”

ही त्या जातीची भेग नव्हे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पोरीची माती खरी होती, तिचा वर्ग खरा होता. बापाने चारचौघांत तिच्या तोंडाला काळं फासलं, तेही धडधडीत खोटं बोलून. सदस्य एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “बघून या. मी इथेच थांबते, हा चुना पाहते.” मुलगी पायऱ्या चढून आली. त्याच्या अंगावरून जाताना तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिने गुडघे टेकून गवत बाजूला सारलं आणि मोजपट्टी लावली. मग पट्टी तशीच राहिली. जुन्या भेगेत मुळं कडेला चपटी चिकटलेली असतात, आत धूळ साचलेली असते. इथे मुळं दोऱ्यांसारखी आरपार ताणलेली होती, आणि काही नुकतीच तुटलेली; त्यांची टोकं अजून पांढरी, ओली होती. तिने भेगेबरोबर नजर फिरवली. भेग काठाकाठाने खड्ड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती.

“बाई, वर या!” ती किंचाळली. “पायऱ्यांकडे! आत्ता! आणि तुम्ही दोघं काठ सोडा!”

अध्यक्षबाई हातातली मातीचे रंग जुळवायची वही टाकून वर आल्या. सगळे लांब उभे राहिले. वारा वाहत होता. भिंत उभी होती. एक सदस्य हसत म्हणाला, “भागूबाईंची लेक शोभते खरी.”

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो खड्डा बुजवायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी शेजारी नवा खणायचा ठरवला. माती पाहिल्याशिवाय निर्णय नाही, म्हणाल्या. बुजवायला जेसीबी आला. त्याने आपलं बकेट गवतावर नुसतं टेकवलं, तोच आख्खी भिंत एका तुकड्यात सुटली आणि ती पोर जिथे गुडघे टेकून बसली होती, नेमकी तिथे जाऊन बसली. आवाज फारसा झालाच नाही. वरचं गवत अजून उभंच होतं. हसणारा सदस्य चष्मा पुसत राहिला. मुलगी एकटक त्या गवताकडे बघत होती.

सकाळी नवा खड्डा तयार होता, भिंती सरळ, ढीग लांब. अध्यक्षबाई वाट पाहत होत्या. मुलगी पहिल्या पायरीपाशी गेली, पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा मागे घेतला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मला नाही जमणार.”

त्याला रडू आलं. पोर वाचली होती, पण जे तिला कधी मिळू नये म्हणून तो इतकी वर्षं गप्प राहिला, ते कालच्या दिवसात तिच्या अंगात उतरलं होतं, आणि त्यानेच तिला त्या भेगेपाशी बोलावलं होतं. तो तिच्या बाजूने खाली उतरला आणि तळाशी जाऊन उभा राहिला.

“तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?” तिने वरून विचारलं.

“पाय बघ माझे.”

तिने वाकून पाहिलं. गुडघ्यापासून खाली पँट थरथरत होती. तो ती लपवायचा प्रयत्नही करत नव्हता.

“कधीपासून?”

“तू जन्मायच्या आधीपासून.”

ती काठावर बसली आणि तोंडावर हात धरून रडली. अध्यक्षबाई शहाण्या, त्या पाठ फिरवून माळाकडे बघत राहिल्या. मग मुलगी वळली आणि भिंतीकडे तोंड करून, एकेक पायरी चाचपडत खाली आली. तळाशी आल्यावर तिने बापाचा दंड धरला. दोघंही थरथरत होते.

“आता काय करायचं?” तिने विचारलं.

“आधी माती भिजव,” तो म्हणाला. “आणि बोलत राहा. मी ऐकतोय.”